सात दहाचं गाणं

गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर दुकानदारणीनं रडू नये, एवढी साधी शिस्त मी सव्वीस वर्षं पाळली होती. ती मोडली एका प्लास्टिकच्या खेळण्यानं. त्सेंग सर म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्या दुकानात येतात. डोक्यावर एकही केस नाही, पण चष्मा दर वर्षी नवा, आणि तो कानामागे जराही टोचता कामा नये. मी चष्म्याची काडी गरम हवेवर धरून मऊ करत होते, वाकवत होते, त्यांच्या कानाला लावून बघत होते. त्यांची चार वर्षांची नात काउंटरखाली फरशीवर बसून पिवळी कचरागाडी फिरवत होती. आमच्या ताइनान शहरातल्या पोरांना विमान नको असतं, आगगाडी नको असते, कचरागाडी हवी असते. तिनं बटण दाबलं आणि गाडीच्या पोटातून ती चाल वाजू लागली, बारीक, किनरी, बॅटरी संपत आल्यामुळे जराशी रखडत. मी थांबले. नुसती थांबलेय असंच मला वाटलं. मग सरांच्या उजव्या भिंगावर एक थेंब पडला, तो पुसला तर दुसरा पडला. "बाई," सर वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाले, "डोळे माझे तपासायचे होते." मी म्हटलं, ॲलर्जी आहे. "कसली?" "कुत्र्याची," मी म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलं. नातीनं पुन्हा बटण दाबलं, आणि मी आतल्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते. त्याला नऊ वर्षं झाली. आमच्याकडे त्या कामाला बाई बोलावतात. पांढरे कपडे घालून ती गुडघ्यांवर रांगत रांगत येते, हातात माइक घेऊन "बाबा हो, मला टाकून कुठं गेलात" असा टाहो फोडते, आणि तिच्यामागे घरच्यांनी आपापल्या कुवतीप्रमाणे हुंदके द्यायचे असतात. आमच्याकडे आलेली बाई इतकी सुरेख रडली की मी बाजूला उभी राहून थक्क होऊन बघतच राहिले. तिचं संपलं, तिनं घशात औषधाचा फवारा मारला, आईला कमरेत वाकून नमस्कार केला आणि पुढच्या घरी गेली. मला वाटलं, झालं, माझ्या वाट्याचं रडणं एका जाणकार बाईनं माझ्या वतीनं उरकलं. त्यानंतर कधी डोळ्यांतून टिपूस आलं नाही आणि त्याचं मला फारसं काही वाटलंही नाही. मी दिवसभर लोकांचे डोळे बघते. बुबुळ, पडदा, दाब, नंबर. डोळ्यातलं पाणी कुठून येतं आणि कुठल्या बारीक नळीनं नाकात उतरतं ते मला तोंडपाठ आहे. आणि आता नळाखाली हात धरून मी एका गावठी कुत्र्यासाठी हुंदके देत होते, वडिलांसाठी कधी दिले नव्हते ते. ही लाज फार विचित्र असते. कुणाला सांगावी तर हसतील, न सांगावी तर आतल्या आत आंबते.

आमच्या शहरात कचरा रस्त्यावर ठेवायचा नसतो. त्यानं जमिनीला टेकायचंसुद्धा नाही. तो आपण हातात धरायचा आणि गाडी आली की आपल्या हातानं गाडीत टाकायचा. गाडी येते ती गाणं वाजवत. कुणा गोऱ्या माणसानं पियानोसाठी बांधलेली चाल आहे म्हणतात. आमच्या पोरांना ती पियानोवर ऐकू आली तरी ती पिशवी शोधायला धावतात. आमच्या गल्लीत गाडी सात दहाला येते, बुधवार-रविवार सोडून. तिघी-चौघी म्हाताऱ्या पाच मिनिटं आधीच येऊन उभ्या राहतात, कारण गल्लीतल्या सगळ्या बातम्या त्या पाच मिनिटांत वाटल्या जातात. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात उष्ट्या-खरकट्याची बादली, आणि तोंडात शेजारीण. आणि आमच्या मुआचीची मैफल तिथंच असायची. मुआची म्हणजे तांदळाच्या पिठाचा मऊ चिकट पांढरा गोळा, शेंगदाण्याच्या कुटात घोळवून खातात तो. कुत्रा तसाच पांढरा होता, एक कान तेवढा तपकिरी, आणि पहिल्या दिवसापासून आईला चिकटलेला. बोलण्याचा आवाज अगदी किरकोळ. दारावर कुणी आलं तर नुसता खाकरल्यासारखं करायचा. पण गाडीचं गाणं वाजायला लागलं की शेजारच्या को काकूंच्या दाराच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसायचा, पुढचे पाय जुळवायचा आणि वाट बघायचा. लगेच गायचा नाही. कुठल्याही कुत्र्यासारखा पहिल्या सुरालाच तोंड वर करून हूऽ करणारा तो नव्हता. चाल एकदा वर चढून खाली यायची, पुन्हा चढायची, आणि तिथं एक जागा होती, जिथं सूर क्षणभर अडखळल्यासारखा व्हायचा. नेमका तिथं तो मान मागे टाकून गायला लागायचा, आणि त्याचा आवाज त्या चालीच्या खाली असा जाऊन बसायचा की वाटावं, बांधणाऱ्यानं ही जागा याच्यासाठीच मोकळी सोडली होती.

मी हे कौतुकानं बोलते आहे, आणि मला कौतुक सहसा जमत नाही. को काकू मला तोंडावर म्हणतात, "चिन-फांग, तुझ्या तोंडून चांगलं म्हणवून घ्यायचं तर माणसाला मरावंच लागेल." पण मुआचीला कान होता. वरच्या मजल्यावरची मुलगी तीच चाल पियानोवर घोटायची तेव्हा तो नुसता कान हलवून पाठ फिरवायचा. अँब्युलन्सला त्यानं कधी साथ दिली नाही. एकदा महिनाभर गाडीवर गाण्याऐवजी डेंग्यूच्या सूचना वाजत होत्या: कुंड्यांत पाणी साठवू नका, टायर उघड्यावर ठेवू नका. तो रोज पायरीवर जाऊन बसला, शेवटपर्यंत ऐकलं आणि तोंड न उघडता घरी आला. महिन्यानं गाणं परत आलं त्या दिवशी तो अशा काही तयारीनं गायला की गाडीवाल्या ल्यावनं गाडी थांबवली. गाडी थांबवायची नसते, माणसाच्या चालीनं पुढे सरकत राहायचं असतं, पण ल्यावनं पान थुंकून, लाल दात दाखवत सांगितलं, "या सगळ्या रस्त्यात ऐकणारा हा एकच. बाकी तुम्ही नुसतेच पळता." त्या दिवसापासून तो आमच्या पायरीपाशी गाडी सावकाश घ्यायचा, मुआचीचं संपेपर्यंत. गल्लीतले लोकही मग पिशवी टाकली तरी लगेच परत फिरेनासे झाले. "रियाज झाला का गवयांचा?" "आज जरा घसा बसलाय वाटतं." "आजी, यांना मध-लिंबू द्या!" आई हातातली रिकामी बादली कमरेवर घेऊन अशी उभी असायची की बिदागी तिलाच मिळायची आहे.

माझ्या आईचं नाव बाँगची. त्या काळात मुलीवर मुलगी झाली की असलं नाव ठेवत: आलीच आहे तर पोसू या झालं. शाळेत, कारखान्यात, मतदानाच्या यादीत सत्तर वर्षं हे नाव तिच्याबरोबर फिरलं आणि तिनं ते कधी बदललं नाही. मी एकदा म्हटलं होतं, अर्ज करून बदलता येतं. ती म्हणाली, "का? पोसली की नाही शेवटी?" चौदा वर्षांपूर्वी मासळीबाजारामागच्या गटारात तिला ते पिल्लू दिसलं, तेव्हा तिच्या एका हातात मासे होते आणि एका हातात छत्री. तिनं छत्री तिथंच ठेवली आणि पिल्लू आणलं. मी भडकले होते. घर तिसऱ्या मजल्यावर, बाबांना दमा, माझं दुकान. ती म्हणाली, "आलंच आहे तर पोसू या." ती हे हसून म्हणाली होती की न हसता, ते आता आठवत नाही.

चौदाव्या वर्षी मुआचीची मूत्रपिंडं गेली. शेवटचे दोन आठवडे तो माशाच्या पेजेकडेही बघेना. आई त्याला टॉवेलात गुंडाळून खाली न्यायची, पायरीवर बसवायची, आणि तो मान उचलायचा प्रयत्न करायचा. आवाज यायचा तो जुन्या बिजागरीइतका. गल्ली गप्प उभी राहून ऐकायची. कुणी थट्टा केली नाही. डॉक्टर मला म्हणाले, आता ओढू नका, सुई देऊन सोडवू, सोमवारी घेऊन या, पाच वाजता चालेल, नाहीतर मग साडेसातला. मी घरी येऊन आईला सांगितलं, सोमवारी पाच वाजता. आईनं एवढंच विचारलं, "सातनंतर नाही का जमणार?" आणि मी म्हणाले, "नाही. पाचच." दुकानात संध्याकाळी गर्दी असते, सोमवारी नव्या काचा येतात, मदतनीस बाई सुट्टीवर होत्या. ही सगळी कारणं खरी होती. एकही खोटं नव्हतं, फक्त "नाही" तेवढं खोटं होतं. त्या दिवशी पाच वाजून वीस मिनिटांनी मुआची आईच्या मांडीवर गेला. आईनं त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि मी दाराजवळ उभी राहून डॉक्टरांच्या चष्म्याची एक काडी वाकडी आहे असा विचार करत होते. मी दुकानात गेले नाही. शटर बंदच राहिलं. आम्ही रिकामा टॉवेल घेऊन घरी आलो, आईनं तो घडी करून मांडीवर ठेवला, आणि सात दहाला खाली गाडी आली. चाल वर चढली, खाली उतरली, पुन्हा चढली, ती जागा आली. ती तशीच मोकळी गेली. अडीच तासांचा प्रश्न होता. शेवटचं एकदा त्यानं ऐकलं असतं. गायला नसता कदाचित, पण ऐकलं तर असतं. ते मी एका शब्दानं त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

त्यानंतर तीन आठवडे मी त्या गाण्यापासून पळत होते, पण आठवड्यातून पाच वेळा ठरल्या वेळी घराखाली येणाऱ्या गोष्टीपासून माणूस पळणार कुठं? त्सेंग सरांच्या भिंगावर थेंब पडले ते याच दिवसांत. आई खाली जाईनाशी झाली. गुडघे दुखतात म्हणायची. सात वाजले की बाल्कनीच्या दाराशी वेताच्या खुर्चीवर बसायची, हात एकमेकांत घट्ट धरून, डोळे मिटून, आणि गाडी गेली की बराच वेळ तशीच. मी दुकानातून जेवायला घरी यायची वेळ तीच. तिचा चेहरा मला बघवायचा नाही. मी बाल्कनीचं दार लावून घ्यायचे, टीव्ही मोठा करायचे. एकदा आईनं उठून दार पुन्हा उघडलं. मला वाटलं, उकडत असेल. मनात एकच घोकत होते: हिला त्रास होतोय, हे गाणं हिला छळतंय, काहीतरी केलं पाहिजे. आपल्याला होणारा त्रास दुसऱ्याच्या नावावर चढवला की तो निवारायला किती जोर येतो! तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी मी दुकान अर्धा तास आधी बंद केलं, मागच्या रस्त्यावर जाऊन ल्यावची गाडी गाठली आणि गाडीबरोबर चालत चालत त्याला म्हटलं, "आईला सहन होत नाही हो. आमच्या गल्लीपुरतं बंद ठेवाल का?" त्यानं सुकाणूवरचा हात न काढता माझ्याकडे पाहिलं. नियमात बसत नाही, असं तो म्हणाला नाही. म्हणाला, "आजींसाठी? ठेवतो. तुम्ही सांगाल तोपर्यंत." मग थोडं पुढे जाऊन, "मलाही तिथं वाजवताना कसंसंच होतं."

शुक्रवारी देवळाच्या वळणापासून गाडी मुकी आली. मी बाल्कनीतून बघत होते. पिवळी गाडी, मागचे फिरते दिवे, आणि आवाज फक्त इंजिनचा. ज्यांचं खिडकीकडे लक्ष होतं ते धावले, बाकीचे घरात गाण्याची वाट बघत बसले आणि गाडी निघून गेली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, हे कबूल केलं पाहिजे. मी आईला ताटात मुळ्याचा खारा केक वाढला, टीव्ही लहान केला, दार उघडं ठेवलं. आई गाडी गेली त्या दिशेला बघत होती. शनिवारी तेच. रविवारी गाडी नसते. सोमवारी तेच. आईनं जेवण अर्ध्यावर आणलं. मंगळवारी फ्रिजवर चुंबकाखाली मला एक चिठ्ठी दिसली: कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची, आदल्या दिवसाची. ती दोन रस्ते ओलांडून एकटी गेली होती, त्या गुडघ्यांनी. मी विचारलं, "कान दुखतोय का?" ती म्हणाली, "दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, पन्नाशीच्या बाईचे कान आहेत तुमचे." "मग गेलीस कशाला?" ती कांद्याची पात चिरत होती. चिरत चिरतच म्हणाली, "गाडी येते. को दिसते धावताना, बादल्या वाजतात, सगळं ऐकू येतं. गाणं तेवढं ऐकू येत नाही. शुक्रवारपासून."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती म्हणणं सोपं आहे. चिकटली नव्हती, मी ती धरून ठेवली होती. आई पुढे बोलत होती, सावकाश, आपल्याशीच बोलल्यासारखी. "रोज तेवढाच वेळ ऐकू यायचा तो मला. डोळे मिटले की. ती जागा आली की बरोब्बर यायचा. म्हणून बसत होते." सुरी थांबली. "आता घेऊन गेला. रुसला. मीच धरलं होतं ना त्याला, सुई देताना. माझ्या हातात त्याला कळलं असणार." काल डॉक्टरांकडून येताना ती देवळात गेली होती. कौल लावायची दोन लाकडं तिनं तीन वेळा टाकली: माझ्यावर रागावलाय का? एक उताणं, एक पालथं पडलं तर हो. दोन्ही पालथी तर नाही. तिन्ही वेळा दोन्ही उताणी पडली. तसं पडलं की देव नुसता हसतो, उत्तर देत नाही. "देवालासुद्धा हसू येतं," ती म्हणाली, "म्हातारी कुत्र्याचा रुसवा काढायला आली म्हणून." आणि तिनं चिरलेली पात पातेल्यात लोटली. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. शहात्तर वर्षांची ही बाई तीन आठवडे रोज सात वाजता जिवाचा कान करून त्या जागेला सामोरी जात होती. जे मला चार मिनिटं सोसत नव्हतं ते ती मागून घेत होती. आणि मी तिला वाचवायला निघाले होते! मुआचीला शेवटचं ऐकू दिलं नाही, आता उरलेला मुआची हिच्याकडून काढून घेतला, आणि वर त्याचा दोष तिच्या हातांवर गेला.  तरीही मी नुसती जेवले, भांडी घासली. बुधवारी गाडी नसते. तो अख्खा दिवस मी लोकांना अक्षरं वाचायला लावली आणि एकाचाही नंबर दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय लिहिला नाही.

गुरुवारी सातला पाच मिनिटं असताना को काकू आमचा जिना चढून आल्या. त्या कधी चढत नाहीत, खालूनच ओरडतात. एका हातात बादली होती आणि तिचा वास त्यांच्या आधी आत आला. "बाँगची, हे बघ. हुंग! शुक्रवारपासूनची कोळंबीची टरफलं! चार वेळा गाडी चुकली माझी. या उकाड्यात! मी कचेरीत फोन केला, म्हटलं तुमचा माणूस झोपतो की काय गाडीत? तर तो ल्याव सांगतो भोंगा बिघडलाय. मेला खोटारडा, पुढच्या गल्लीत तर वाजतो! काल मी त्याला बाजारात धरला. तर म्हणतो, तुमच्याच गल्लीतल्या एका घरानं सांगितलंय, नाव नाही सांगणार. कुणाचं हे शहाणपण, मला फक्त कळू दे." आईनं को काकूंकडे पाहिलंच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी लोकांच्या डोळ्यांत रोज उजेड टाकून बघते. माझ्या डोळ्यांत कुणी तसं बघेल याची मला सवय नाही. "मी," मी म्हणाले. "मी सांगितलं त्याला. तुला त्रास होतो म्हणून." को काकूंचं तोंड उघडं राहिलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यातून काही आलं नाही.

आई रागावेल अशी मी वाट बघत होते. ती खुर्चीच्या हाताला धरून उठली. "म्हणजे वाजतच नव्हतं?" तिनं विचारलं. "नव्हतं." "म्हणजे तो रुसला नाही." हे तिनं मला विचारलं नाही, घराला सांगितलं. मग सपाता पायात सरकवल्या, कचऱ्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल खाली." तीन मजले आम्ही उतरलो. आई कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मागे मी, मागे को काकू, बादलीसकट. मध्येच त्यांना आवाज सापडला. "त्रास होतो म्हणे! अगं, आईला विचारायचं तरी होतंस. तुम्ही शिकलेल्या पोरी म्हणजे ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा."  खाली गल्ली बाहेरच उभी होती. चार मुक्या संध्याकाळींनी सगळ्यांना शहाणं केलं होतं. जो तो सातपासून पिशवी धरून ताटकळत होता आणि वैतागलेला होता. आईला बघून मात्र कुजबूज थांबली. कुणीतरी म्हणालं, "आजी आल्या." कुणीतरी वाट करून दिली. ती को काकूंच्या पायऱ्यांकडे गेली नाही. सरळ गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, आणि गाडी वळली ती तिच्यासमोरच.

ल्यावनं ब्रेक दाबला. खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "आजी! बऱ्या आहात ना?" मग माझ्याकडे बघून खालच्या आवाजात, "ताई, वरून दोनदा फोन आला. पण मी शब्द दिलाय. तुम्ही सांगितल्याशिवाय माझा भोंगा दुरुस्त व्हायचा नाही." तो माणूस आमच्या एका कुत्र्यासाठी नोकरीवर शेरा ओढवून घेत होता आणि पान चघळत होता. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही. आईनं मला कोपरानं ढोसलं. "तूच सांगितलं होतंस ना बंद करायला? मग तूच सांग." मी म्हणाले, "वाजवा." इंजिन घुरघुरत होतं. "काय?" ल्यावनं कानाशी हात नेला. "वाजवा हो!" मी ओरडले. त्यानं बटण दाबलं.

इतक्या जवळून मी ती चाल कधी ऐकली नव्हती. भोंगा डोक्यावर होता आणि सूर दातांत शिरत होते. एरवी ती आमच्यापर्यंत पोचायची ती कुठल्यातरी मधल्याच ओळीवर, आधी कुठंतरी सुरू झालेली. आज ती पहिल्या सुरापासून आमच्यासमोर सुरू झाली. वर चढली, खाली आली. कुणी गाडीकडे धावलं नाही. पुन्हा चढली. मला माहीत होतं पुढे काय येणार, आणि मला पळता येत नव्हतं कारण आईनं माझा दंड धरला होता. ती जागा आली. आईनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तीन आठवडे वेदना म्हणून वाचत होते, आणि माझा धंदा बघण्याचा! ती ऐकत होती. त्या मोकळ्या जागेत तिला तो पुरता, सगळा, ऐकू येत होता. मला तिथं फक्त माझं "नाही, पाचच" ऐकू येत होतं. आणि ते मला आता एक क्षणही आत ठेववेना. "आई, डॉक्टर साडेसातलाही या म्हणाले होते." "काय?" भोंग्याखाली तिला काही कळेना. "साडेसात!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "डॉक्टर साडेसातलाही तयार होते! मीच पाच सांगितलं! दुकानासाठी! त्याला गाणं ऐकवता आलं असतं!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. को काकूंनी बादली खाली टेकवली, जे करायचं नसतं. आईनं डोळे उघडले. तिनं माझा कान स्वतःच्या तोंडाशी ओढला, मी सहा वर्षांची असताना ओढायची तसाच. "मी सात का म्हणत होते, माहितीये?" ती म्हणाली. "त्यानं एकदा जरी मान वर केली असती ना, तर मी त्याला तसाच उचलून घरी आणला असता. डॉक्टर नाही न् बिक्टर नाही. आणि मग तो आणखी महिनाभर तडफडला असता. माझ्यासाठी. ते मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी सात म्हणत होते." तिनं माझा कान सोडला. "पाचला नेलंस, बरं केलंस. माझ्याच्यानं झालं नसतं."

मग मी रडले. तिथंच, रस्त्याच्या मधोमध, सगळ्यांसमोर, कुठल्याही जाणकार बाईच्या मदतीशिवाय, तोंड वेडंवाकडं करून, नाक गळेपर्यंत. मुआचीसाठी रडले, आणि त्यात कुठंतरी नऊ वर्षं उशिरानं बाबाही आले. भोवताली पिशव्या गाडीत पडू लागल्या होत्या, को काकूंची टरफलं सुटली होती, आणि ल्यावनं आमच्यापाशी जितकं रेंगाळता येईल तितकं रेंगाळून गाडी पुढे काढली होती. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला एक जोरदार धक्का दिला.

"आधी पिशवी टाक," ती म्हणाली, "गाडी चाललीय. मग रड हवं तेवढं."